आवळलेलं टिकतं कशानं

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत मळणी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी २६ वर्षं डिझाइनचं काम केलं. मळणी यंत्रात वर बडवणीचा ड्रम असतो आणि खाली हलती चाळण. आमची चाळण मिनिटाला ३०० वेळा मागेपुढे व्हायची. सुगीत दिवसाला दहा तास यंत्र चाललं तर १,८०,००० हेलकावे. ती चाळण ज्या ब्रॅकेटांवर झुलायची, ते फ्रेमला धरून ठेवायला १० मिलिमीटरचे बोल्ट होते. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं त्या बोल्टांनीच खाल्ली. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की फोन सुरू व्हायचे. पलीकडच्या आवाजात रागापेक्षा घाबरेपणा जास्त असे, कारण आभाळ भरून आलेलं असे आणि ढीग उघड्यावर पडलेला. एक नट पडला म्हणून एका कुटुंबाचं पीक भिजतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या वर्षांत जे शिकलो ते क्रमानं लिहितो.

१. नट फिरतो, पण दुखणं प्लेटींमध्ये असतं.

पहिल्या तक्रारीवर मी कागदावर ‘नट ढिले, जास्त आवळावेत’ एवढंच लिहिलं होतं. आमचे मोठे मिस्त्री मला यंत्रापाशी घेऊन गेले. ब्रॅकेट आणि फ्रेमचं चॅनल जिथे टेकतात त्या फटीवरून त्यांनी माझं बोट फिरवलं. बोटाला तांबूस तपकिरी भुकटी लागली.

“साहेब, नट काय आपणहून फिरतोय व्हय? ह्या दोन प्लेटी एकमेकींवर घासत्यात. त्याच त्याला फिरवत्यात.”

पुढे वाचन वाढलं तेव्हा कळलं की जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हेच प्रयोगानं सिद्ध केलं होतं. त्याआधी लोकांचं लक्ष बोल्टच्या लांबीच्या दिशेनं बसणाऱ्या धक्क्यांकडे जास्त होतं. युंकरांनी सांधा आडवा हलवणारं यंत्र बांधलं आणि दाखवलं की नीट आवळलेला नटसुद्धा आडव्या सरकण्यानं पूर्ण सुटू शकतो. आजही या चाचणीला त्यांचंच नाव आहे.

कारण समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. १० मिलिमीटरच्या बोल्टचे आटे एका फेऱ्यात दीड मिलिमीटर चढतात, म्हणजे चढाचा कोन जेमतेम ३ अंश. घर्षण याच्या तिप्पट चढावरही नटाला धरून ठेवू शकतं. हिशेबानं नट सुटायलाच नको. पण घट्ट बसलेलं बाटलीचं बूच आठवा. सरळ ओढून ते निघत नाही, फिरवत फिरवत ओढलं की सहज निघतं. घर्षण नेहमी सरकण्याच्या उलट दिशेला रोखतं. बूच फिरू लागलं की घर्षण त्या फिरण्याला रोखण्यात गुंततं आणि ओढीला अडवायला फारसं उरत नाही. नटाचं तसंच, फक्त दिशा उलट. प्लेटी आडव्या सरकल्या की आट्यांमधलं घर्षण तिकडे गुंततं. ताणलेला बोल्ट नटाला उतारावरून खाली ढकलतच असतो. दर हेलकाव्याला नट केसभर फिरतो.

२. बोल्ट ही स्प्रिंग आहे.

हे वाक्य मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगत असे. आपण नट आवळतो तेव्हा बोल्ट लांबतो आणि आखडायला बघतो. त्या आखडण्यानंच प्लेटी दाबल्या जातात. ८.८ ग्रेडचा १० मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर सुमारे २५ किलोन्यूटन ताण धरतो. म्हणजे अडीच टन. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या भरलेल्या बैलगाडीत जवळपास तेवढंच वजन असतं. एवढ्या दाबाखाली दोन कोऱ्या प्लेटी सरकायच्या तर एका बोल्टमागे पावणेचारशे किलोच्या आसपास आडवा जोर लागतो. आमची चाळण ब्रॅकेटला त्याच्या निम्म्यानंही ढकलत नव्हती. तरी प्लेटी घासत होत्या, याचा अर्थ अडीच टन ताण बोल्टमध्ये नव्हताच. तो आवळतानाच कमी भरला होता, की भरल्यानंतर गळाला होता? पुढची दोन वर्षं याच शोधात गेली.

३. पान्याचा जोर आणि बोल्टचा ताण यांत मोठं अंतर आहे.

नटावर लावलेल्या जोराचा साधारण निम्मा भाग नटाच्या किंवा डोक्याच्या बुडाशी घासण्यात जातो. सुमारे ४० टक्के आट्यांत घासून संपतो. बोल्ट ताणायला उरतात फक्त १० टक्के, त्यामुळे घर्षण थोडं बदललं तरी ताण कितीतरी बदलतो. गंजके आटे असतील तर टॉर्क रेंच ५० न्यूटन-मीटरला ‘टक्’ करतं आणि बोल्टमध्ये निम्माही ताण भरलेला नसतो. उलट एकदा स्टोअरमध्ये तेलकट बोल्टांचा नवा माल आला, आम्ही जुन्याच आकड्यावर आवळले आणि दुपारपर्यंत काही बोल्ट पिळवटून लांब झाले. तेव्हापासून ड्रॉइंगवर टॉर्कच्या आकड्याशेजारी ‘कोरडा’ की ‘तेल लावून’ हेही लिहायचं, असा नियम मी घातला. आकडा एकटा कधीही लिहू नये.

४. नट न फिरताही बोल्ट ढिला पडतो.

हा धडा मला सगळ्यात महागात पडला. आम्ही कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या नटावरून प्लेटीवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढू लागलो होतो. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसावी, हा हेतू. एका सुगीनंतर एक यंत्र परत आलं. रेघ जशीच्या तशी, एका सरळीत. मी निर्धास्त होऊन पाना लावला, तर नट दोन बोटांच्या जोरानं फिरला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. नट हललाच नव्हता, मग ताण गेला कुठे?

उत्तर रंगात होतं. त्या वर्षी आम्ही दिसायला छान म्हणून जाड पावडर कोटिंग सुरू केलं होतं. ब्रॅकेटच्या दोन्ही अंगांना आणि चॅनलच्याही दोन्ही अंगांना. म्हणजे बोल्टच्या पकडीत रंगाचे चार थर होते. आता हिशेब करा. ब्रॅकेट आणि चॅनल मिळून पकड २० मिलिमीटरची. एवढ्या लांबीचा बोल्ट अडीच टन ताणाखाली किती लांबतो? फक्त ०.०४२ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी! सारी पकड त्या ०.०४२ मिलिमीटरमध्ये साठवलेली असते. दाबाखाली रंग हळूहळू पसरतो, बसतो. चार थरांनी प्रत्येकी ०.००५ मिलिमीटर जरी सोडलं तरी ०.०२ गेलं आणि जवळपास निम्मा ताण गळाला. मग प्लेटी सरकू लागतात आणि पहिल्या क्रमांकात सांगितलेला खेळ सुरू होतो. त्या यंत्राचं नशीब एवढंच की खेळ सुरू होण्याआधी सुगी संपली.

रंग नसला तरी थोडं बसणं होतंच. कापलेल्या लोखंडाचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण त्यावर बारीक उंचवटे असतात आणि ते दाबाखाली चेपतात. हे टाळता येत नाही, पण त्याचा परिणाम कमी करता येतो. आम्ही बोल्टच्या डोक्याखाली ४० मिलिमीटर लांबीची जाड नळी घातली आणि बोल्ट तेवढा लांब घेतला. पकड झाली ६० मिलिमीटर आणि बोल्टचं ताणणं तिप्पट. आता ०.०१ मिलिमीटर बसलं तर जुन्या बोल्टचा जिथे जवळपास चौथा हिस्सा ताण जायचा, तिथे नव्याचा फक्त ८ टक्के जातो. आखूड आणि जाड बोल्ट मजबूत दिसतो. टिकतो मात्र लांब आणि सडपातळ बोल्ट. रंगकामाआधी टेकणाऱ्या जागांवर चिकटपट्टी लावायची, हा नियमही तेव्हाच आला. खरेदी विभागाला नळीचा खर्च पटेना. मी त्यांच्यापुढे परत आलेल्या यंत्रांची यादी ठेवली.

५. स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नये.

आपल्याकडे प्रत्येक वर्कशॉपमध्ये नटाखाली फाटक्या कड्यासारखा स्प्रिंग वॉशर घालतात. गिऱ्हाईकही तो दिसला नाही तर नाराज होतं. पण तो बोल्टच्या पूर्ण ताणाच्या कितीतरी आधीच सपाट होतो. त्यानंतर तो साधा वॉशरच. अमेरिकेच्या नासानं १९९० मध्ये काढलेल्या फास्टनर डिझाइनच्या पुस्तिकेतही हेच स्पष्ट म्हटलं आहे. बोल्ट पुरता ढिला पडल्यावर त्याची स्प्रिंग पुन्हा जागी होते, पण तोवर प्लेटी घासायला लागून बराच काळ गेलेला असतो. चाळणीच्या जागांवरून मी ते काढून टाकले. विक्रेत्यांशी यावरून मी वर्षभर भांडलो आणि त्याचं मला समाधान आहे.

६. चेक नट लावायचा तर पातळ नट आधी.

बहुतेक ठिकाणी जाड नट खाली आणि पातळ वर दिसतो. ते उलट आहे. पातळ नट प्लेटीला लागून आधी बसवावा, अर्धवट आवळावा आणि पान्यानं धरून ठेवून वरचा जाड नट पूर्ण आवळावा. शेवटी सगळा भार वरच्या नटाच्या आट्यांवर येतो, म्हणून तोच जाड हवा.

७. प्रत्येक कुलूप वेगळ्या चोरासाठी असतं.

नायलॉक नटातली नायलॉनची चकती आट्यांना आवळून धरते. ती ताण राखत नाही, पण ताण गेल्यावरही नटाला गळून पडू देत नाही. बडवणीच्या ड्रमजवळ हे फार महत्त्वाचं, कारण तिथे पडलेला नट गोळीसारखा उडतो. मात्र १२० अंश सेल्सिअसच्या वर नायलॉन टिकत नाही, म्हणून इंजिनाच्या धुराड्याजवळ तो नको. दोन-चारदा काढला-घातला तर पकडही जाते. कॅसल नट आणि कॉटर पिनचंही काम तेच: पडू न देणं.

आट्यांना लावायचा द्रव गोंद वेगळा. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये तो बाजारात आणण्याजोगा केला. हवा असेपर्यंत तो पातळ राहतो, आट्यांत हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. आट्यांमधली बारीक मोकळी जागाच तो भरून काढतो, म्हणून आडव्या हालचालीविरुद्ध तो उत्तम चालतो. अट एकच, आटे तेलकट नसावेत. आमच्या शॉपवर तेल पुसायला फडकं नाही म्हणून हा उपाय दोनदा फसला.

मला मनापासून आवडतो तो जपानचा उपाय. ओसाकाचे कात्सुहिको वाकाबायाशी यांना सुमियोशी ताइशा देवळाच्या तोरी कमानीत ठोकलेली लाकडी पाचर पाहून तो सुचला. खालच्या नटावर किंचित एका बाजूला सरकलेला उंचवटा असतो. वरचा नट त्यावर चढला की दोन्ही नट आट्यांवर पाचरीसारखे अडकतात. शिंकान्सेन गाड्यांच्या कामात हे नट वापरतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरची कुऱ्हाड आठवली. पातं हलू लागलं की वडील दांड्याच्या टोकाला बाभळीची पाचर ठोकायचे.

८. विसरता येईल असा भाग ठेवू नये.

२० ऑगस्ट २००७ रोजी चायना एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान ओकिनावातल्या नाहा विमानतळावर उतरून थांबलं आणि पेटलं. पंखाच्या पुढच्या कडेच्या सरकत्या भागातला एक बोल्ट निसटला होता आणि त्यानं इंधनाच्या टाकीला भोक पाडलं होतं. देखभालीत एक वॉशर बसवायचा राहून गेला होता आणि त्या वॉशरशिवाय नट भोकातून आरपार जाऊ शकत होता. विमानातले सगळे १६५ जण वाचले. तो अहवाल वाचून मी आमची सगळी ड्रॉइंगं पुन्हा काढली. जिथे वॉशर विसरला तर नट भोकातून जाईल अशा तीन जागा निघाल्या. तिन्ही ठिकाणी रुंद बुडाचे फ्लँज नट घातले. सुगीत, रात्री अकरा वाजता, ट्रॅक्टरच्या दिव्यात यंत्र जोडणाऱ्या माणसाच्या हातून वॉशर राहणारच. त्याला दोष देता येत नाही.

९. आडवा जोर बोल्टवर येऊच देऊ नये.

नळी, कोरे पृष्ठभाग, नायलॉक असं सगळं करूनही खडकाळ खळ्यांवरच्या यंत्रांत अधूनमधून तपकिरी भुकटी दिसायचीच. मग ब्रॅकेटच्या बुडाला एक ओठ काढला आणि तो चॅनलमधल्या खाचेत बसवला, म्हणजे चाळणीचा धक्का बोल्टऐवजी ओठानं झेलावा. पहिला प्रयत्न फसला. ओठ आणि खाचेत अर्धा मिलिमीटर फट होती. त्या फटीत ब्रॅकेट आदळत राहिलं आणि भुकटी आणखी वाढली. मिस्त्री म्हणाले, “निमुळता करा की साहेब, पाचरीगत. बोल्ट आवळंल तसा आत रुतंल.” तसंच केलं. ओठाच्या दोन्ही बाजूंना थोडा उतार दिला आणि बोल्ट आवळला की फट आपोआप संपू लागली.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघं जत तालुक्यातल्या एका ज्वारीच्या खळ्यावर गेलो. जोडल्यापासून त्या यंत्राला कुणी पाना लावला नव्हता. पिवळी रेघ उन्हानं फिकट झाली होती, पण सरळ होती. रेघेवर विश्वास ठेवायची सवय मोडली होती, म्हणून मी रेंच लावलं. ठरलेल्या आकड्याला ‘टक्’ झालं आणि नट जागचा हलला नाही. मिस्त्री गुडघ्यावर बसले, ब्रॅकेटच्या फटीवरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटाला ज्वारीचा भुसा लागला होता.