मुलांचा खाऊ, खेळ आणि छंद



एका पावसाळ्यात आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका खेड्यात एका कुटुंबाकडे उतरलो होतो. सायंकाळची वेळ होती व बाहेर पावसाने झड धरली होती. घरातील सात वर्षांचा मुलगा वडिलांपाशी जाऊन म्हणाला, "बाबा, काहीतरी करू या ना." वडील दिवसभर भाताची लावणी करून दमून आले होते. त्यांनी खिशातून पाच रुपयांचे नाणे काढून मुलाच्या हातावर ठेवले. मुलगा दुकानाकडे धावला, कुरकुरीत तिखटमिठाच्या खाऊचा पुडा घेऊन आला, आणि तो पुडा संपताच आईपाशी जाऊन पुन्हा तेच म्हणू लागला. आई चुलीपाशी गुंतलेली होती. तिने त्याच्या हाती मोबाईल दिला. मग घर शांत झाले. ज्या कोपऱ्यात तो मुलगा मोबाईल घेऊन बसला, तेथे त्याच्या पाठीशीच नाचणीने भरलेली कणगी उभी होती.

ह्या मातापित्यांस दोष द्यावा असे आमच्या मनात मुळीच नाही. दमलेल्या माणसाने असेच करावे हे स्वाभाविक आहे, आणि आमच्याही हातून ते अनेकदा घडले आहे. परंतु मुलाने काय मागितले व त्यास काय मिळाले, ह्याचा विचार आपण शांतपणे करावा. "करू या" असे तो म्हणाला होता. त्यास नाणे मिळाले व मोबाईल मिळाला; "या" ह्या शब्दात जो सोबती त्याने मागितला होता, तो मात्र मिळाला नाही. ह्याच एका गोष्टीविषयी आजचा पाठ आहे.

१. खाऊविषयी

खाऊचा विचार प्रथम करण्याचे कारण गंभीर आहे. सन 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांच्या रक्तात लोहयुक्त द्रव्य जितके असावे त्याहून कमी होते. म्हणजे दर तीन मुलांमागे दोन. त्यापूर्वीच्या, सन 2015-16 च्या पाहणीत हे प्रमाण 53.8 टक्के होते. असे मूल लवकर थकते, त्याचे लक्ष अभ्यासात लागत नाही, आणि आपण त्यास आळशी म्हणून रागावतो.

पुष्कळ घरी मुलांची न्याहारी म्हणजे कपभर चहा व त्यात बुडविलेली बिस्किटे. बिस्किटांत मैदा व साखर असते. आणि चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोह शरीरात पुरेसे शिरू देत नाही. म्हणून लहान मुलांस चहा देऊच नये, आणि मोठ्यांनीही तो जेवणापासून निदान एक तास दूर ठेवावा हे बरे. उलट लिंबू, आवळा, पेरू ह्यांतील आंबट सत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करते. जेवताना भाजीवर पिळलेली लिंबाची फोड ही केवळ चवीची गोष्ट नव्हे.

आता त्या कणगीकडे वळू. संयुक्त राष्ट्रांनी सन 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातील लोक नाचणीची बिस्किटे मोठ्या किमतीस विकत घेऊ लागले. आपल्या डोंगरकपारीतील लोक तर ती पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, आणि कित्येकांस ती गरिबाचे अन्न म्हणून पाहुण्यासमोर ठेवण्याची लाज वाटते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधातील कॅल्शियमच्या हे जवळजवळ तिप्पट होय. हे सर्वच अंगी लागते असे नाही. परंतु नाचणी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणले, ते वाळवून मंद भाजले व मग दळले, तर त्यातील सत्त्व अधिक अंगी लागते व पीठही गोडसर होते.

लाडवांची कृती अशी. मोड आणलेल्या नाचणीचे पीठ दोन वाट्या घ्यावे व पाऊण वाटी तुपात मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावे. कढई खाली उतरवून पीठ कोमट होऊ द्यावे. मग त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट अर्धी वाटी, भाजलेले तीळ दोन चमचे, बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी व थोडी वेलदोड्याची पूड घालून हाताने चांगले मळावे, आणि लिंबाएवढे लाडू वळावे. ते मोडू लागल्यास चमचाभर कोमट तूप आणखी घालावे. पाच वर्षांखालील मुलांस अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. कूट बारीक असावे. गुळाविषयीही एक गैरसमज आहे. गूळ म्हणजे औषध नव्हे. तोही साखरेचाच भाऊ आहे. म्हणून तो बेतानेच घालावा, आणि दिवसास एक लाडू पुरे.

ह्या कामात मुलांस वाटा द्यावा. वाट्या मोजणे हे आठ वर्षांच्या मुलाचे काम. दोन वाट्यांस पाऊण वाटी, तर चार वाट्यांस किती, हे त्यास विचारावे. गूळ व तीळ मिसळणे आणि लाडू वळणे पाच वर्षांच्या मुलासही जमते. चुलीपाशी मात्र वडीलधाऱ्यानेच बसावे. आपल्या हाताने वळलेला लाडू मूल टाकून देत नाही, हा आमचा अनुभव आहे.

येथे एक सूचना अवश्य करावीशी वाटते. मूल फिकट दिसत असेल, धाप लागत असेल किंवा माती खात असेल, तर केवळ लाडवांवर विसंबू नये. त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पोटातील जंत हेही रक्त कमी होण्याचे एक कारण आहे. फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांच्या 10 तारखेस राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्याचा परिपाठ आहे व त्या सुमारास अंगणवाडीत आणि शाळेत गोळी देतात. ती चुकवू नये.

२. हातच्या खेळण्याविषयी

सन 1978 मध्ये अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण अभियंते पुण्याच्या मोटार कारखान्यातील कामातून रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या खेड्यांत गेले. तेथे गावच्या शाळांतून विज्ञान शिकविण्याचा एक नवा प्रयोग चालू होता. आठवड्याच्या बाजारात फिरताना त्यांच्या लक्षात आले की, सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी व काडेपेटीच्या काड्या ह्या दोन स्वस्त वस्तूंपासून भूमितीच्या अनेक आकृती बनविता येतात. पुढे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी हेच त्यांचे जीवितकार्य झाले. पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांबरोबर काम केले, आणि सन 2018 मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली.

त्या कुटुंबात दुसऱ्या दिवशीही पाऊस उघडला नाही, तेव्हा आम्ही हेच खेळणे त्या मुलाबरोबर केले. सायकलवाल्याकडून वीतभर नळी आणली व तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. काड्यांची गुले मोठ्या माणसाने खरवडून पाण्यात टाकावी. ते मुलाचे काम नव्हे. नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली की वाकणारा सांधा तयार होतो. तीन काड्या व तीन तुकडे ह्यांचा त्रिकोण झाला; चार काड्या व चार तुकडे ह्यांचा चौकोन झाला.

मग आम्ही मुलास म्हटले, "आता दोन्ही दाबून पाहा." चौकोन लगेच कलंडून चपटा झाला. त्रिकोण मात्र आपला आकार सोडीना. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना खराट्याची एक लांब काडी दोऱ्याने घट्ट बांधताच तोही ताठ उभा राहिला, कारण आता एका चौकोनाचे दोन त्रिकोण झाले होते. मुलाने विचारले, "असे का?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्याचे वडील खाटेवरून उठून आले. ते म्हणाले, "म्हणून तर छपराला कैची घालतात. वर बघ." मग बापलेक दोघेही मान वर करून आढ्याकडे पाहू लागले. ते छप्पर त्या गृहस्थाने स्वतःच घातले होते. कोणता वासा कोठे टेकतो, वाऱ्याचा जोर कोठे येतो, एकदा वादळात एक बाजू का बसली, हे सर्व तो मुलास सांगत राहिला. अर्धा तास केव्हा गेला ते कोणासच कळले नाही. त्या दिवशी दुकानाची आठवण निघाली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांस वाटते की, आपण फार शिकलो नाही, मुलास काय शिकविणार? परंतु छप्पर, नांगर, टोपली, जाळे, दोर, चूल ह्यांचे ज्ञान आपल्या हातांत आहे. मुलासमोर ते बोलून दाखविण्याची सवय मात्र आपणांस नाही.

३. छंदाविषयी

मुंबईत खेतवाडीत आपल्या मामांच्या घरी वाढलेला एक पोरका मुलगा होता. एकदा त्याने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही कोणती, असे त्याने मामांस विचारले. मामांनी त्यास गप्प बसविले नाही. त्यांनी त्यास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनी त्या मुलास बसवून घेतले, पक्ष्याचे नाव सांगितले व संस्थेच्या संग्रहातील कितीतरी पक्षी कपाटांतून काढून दाखविले. सन 1896 मध्ये जन्मलेला तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. दोन मोठ्या माणसांनी आपला थोडा वेळ दिला, आणि त्यातून एक जन्मभराचा अभ्यास उभा राहिला.

आपल्या गावांतही बेचकी घेऊन हिंडणारी मुले आहेत. त्यांच्या हातून बेचकी नुसती हिसकावून घेतल्याने काम होत नाही. तिच्या जागी एक वही द्यावी. आज कोणता पक्षी दिसला, काय खात होता, कोठे घरटे बांधीत होता, हे मुलाने तारखेसह लिहावे. पावशा प्रथम कोणत्या दिवशी ओरडला हे तीन-चार वर्षे लिहून ठेवले, तर ती वही शेतकऱ्यासही वाचावीशी वाटेल.

दुसरा छंद बियांच्या संग्रहाचा. चिंचोके, रिठे, सागरगोटे, करंज, बाभूळ अशा बिया वाळवून, बाटलीत भरून, वर नावाची चिठ्ठी लावावी. त्यांतील काही पावसाच्या आरंभी पेराव्या व कोणती किती दिवसांनी उगवते ते पाहावे. मात्र गुंज, एरंड व धोतरा ह्यांच्या बिया विषारी आहेत. त्या लहान मुलांच्या हाती मुळीच पडू देऊ नये.

४. आमची एक चूक

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवण्याचे काम चालले होते. घरातील आठ वर्षांची मुलगी मोठ्या हौसेने सुई घेऊन बसली. तिचा धावदोरा वाकडा जात होता. आम्ही दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा तिच्या हातून सुई घेतली, तिचे टाके उसवले व स्वतःच सरळ शिवून दाखविले. गोधडी सुरेख झाली. परंतु ती मुलगी पुन्हा गोधडीपाशी बसली नाही. बोलाविले असता, "मला येत नाही," एवढेच म्हणे.

पुढे आमच्या आजीने शिवलेली एक जुनी गोधडी पेटीतून निघाली. तिच्या एका कोपऱ्यात हातभर टाके अगदी वेडेवाकडे होते. चौकशी केली, तेव्हा ते आमच्याच लहानपणाचे टाके असल्याचे कळले. आजीने ते उसवले नव्हते. मूल आपल्याबरोबर काम करू लागले म्हणजे काम हळू होते, पीठ सांडते, टाका वाकडा जातो. तो वाकडा टाका सहन करणे हाच ह्या पाठातील सर्वांत कठीण भाग आहे असे आम्हांस वाटते.

रोज अर्धा तास निघेल असे आम्ही म्हणत नाही. लावणी-कापणीच्या दिवसांत तो निघणारही नाही. परंतु आठवड्यातून एक सायंकाळ तरी ठरवावी, आणि ती मुलास आधी सांगून ठेवावी. मग इतर दिवशी "आज नाही, रविवारी" असे म्हटलेले त्यास समजते. दिलेला शब्द मात्र पाळावा.

मातांच्या सभेत व पालकांच्या बैठकीत विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरी मुलांच्या विकतच्या खाऊवर आठवड्यास किती पैसे जातात? त्या पैशांत किती शेंगदाणे, तीळ व गूळ येईल?

२. आपल्या मुलांस चहा केव्हा देतो? त्याऐवजी काय देता येईल?

३. आपल्या हाती असे कोणते काम आहे, जे आपल्या मुलाने अद्यापि जवळ बसून पाहिले नाही?

४. मुलाचा कोणता वाकडा टाका आपण उसवला? तो आता पुन्हा घालू देता येईल काय?