पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी

लिनक्सवर लिबरऑफिस नीट चालेनासे झाले की बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो काढून टाकण्याचा आणि पुन्हा इन्स्टॉल करण्याचा. फाइल उघडण्याची खिडकी बाकीच्या डेस्कटॉपपेक्षा वेगळी दिसते, अक्षरे धूसर येतात, मराठी टाइप होत नाही, बाहेरून आलेल्या पत्राची पाने खालीवर सरकतात. तक्रार कोणतीही असो, औषध हेच. या सल्ल्यापासून लोकांना सावध करावे म्हणून मी हे लिहितो आहे. लिबरऑफिस आणि डेस्कटॉप यांचे बिनसते तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या दोहोंना जोडणाऱ्या मधल्या थरांपैकी एखाद्यात असतो, आणि पुन्हा इन्स्टॉल करताना त्या थरांना सहसा हातच लागत नाही. आधी थर ओळखावा, मगच काही बदलावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

असा थर मुळात का आहे, हे समजून घेतले की निम्मे कोडे सुटते. लिबरऑफिसचे मूळ स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली, पुढे त्याच सॉफ्टवेअरमधून ओपनऑफिस निघाले, आणि सप्टेंबर २०१० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा होऊन लिबरऑफिसची वेगळी वाट सुरू झाली. अनेक ऑपरेटिंग सिस्टिमांवर चालायचे म्हणून या सॉफ्टवेअरने खिडक्या, बटणे आणि मेनू काढण्याची स्वतःची यंत्रणा ठेवली. तिचे नाव व्हीसीएल. लिनक्सवर ही यंत्रणा प्लगइनच्या मार्फत डेस्कटॉपशी बोलते: ग्नोमसाठी जीटीके ३, केडीई प्लाझ्मासाठी केएफ ५ किंवा केएफ ६, आणि यांपैकी काहीच नसेल तर जेन नावाचे साधे प्लगइन, जे थेट एक्स ११ शी बोलते. सुरू होताना लिबरऑफिस कोणता डेस्कटॉप चालू आहे याचा अंदाज एका एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलवरून घेते आणि त्याप्रमाणे प्लगइन निवडते. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रोंमध्ये ही प्लगइन्स वेगवेगळ्या पॅकेजांत असतात. हवे ते पॅकेज बसवलेले नसेल तर लिबरऑफिस कसलाही इशारा देत नाही. मुकाट्याने पुढचे प्लगइन घेते आणि उघडते. माणसाला दिसते ते एवढेच, की काल-परवापर्यंत बरा दिसणारा कार्यक्रम आज ओबडधोबड दिसतो आहे. माझ्या मते सगळ्या घोळाचे मूळ या मुकेपणात आहे.

ते बोलके करणे मात्र अगदी सोपे आहे. हेल्प मेनूतल्या ‘अबाउट लिबरऑफिस’मध्ये आवृत्तीच्या तपशिलांत व्हीसीएलपुढे प्लगइनचे नाव लिहिलेले असते. प्लाझ्मावर तिथे जीटीके ३ दिसले तर फाइलची खिडकी प्लाझ्माच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमधल्या तुमच्या नेहमीच्या जागा का दाखवत नाही, याचे उत्तर मिळाले: केएफचे पॅकेज बसवलेले नाही. तिथे एक्स ११ दिसले तर जेन चालू आहे. एक्स ११ ची जागा घेणाऱ्या वेलँडच्या सत्रात जेन नेहमी एक्सवेलँड या जोडथरातून जाते, त्यामुळे पडदा सव्वापट किंवा दीडपट मोठा केलेला असेल तर अक्षरे धूसर होण्याची शक्यता बरीच वाढते. वेलँड आता अपवाद राहिलेले नाही. फेडोराने २०१६ मध्ये ग्नोमसाठी ते मूळ सत्र केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ नेही तेच केले. डिस्ट्रोची आवृत्ती वाढवल्यावर अचानक सुरू होणाऱ्या पुष्कळ तक्रारी या बदलाच्या आसपासच्या असतात.

प्लगइनवर संशय असेल तर पारखून पाहता येते. SAL_USE_VCLPLUGIN या व्हेरिएबलला हव्या त्या प्लगइनचे नाव देऊन टर्मिनलमधून लिबरऑफिस सुरू करायचे. एका प्लगइनमध्ये दोष दिसला आणि दुसऱ्यात नाहीसा झाला, तर दोष त्या प्लगइनच्या वाटेवरच आहे. मात्र इथे एक मेख आहे. लिबरऑफिसची एखादी जरी खिडकी उघडी असली तरी नवी खिडकी त्याच आधीच्या प्रोसेसमध्ये उघडते आणि टर्मिनलमध्ये दिलेले नाव वाया जाते. ‘करून पाहिले, काही फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्यांना आधी सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या का, हे विचारावे. शिवाय टर्मिनलमध्ये दिलेले व्हेरिएबल त्या टर्मिनलपुरतेच असते, मेनूतून उघडलेल्या लिबरऑफिसला ते ठाऊक नसते. इंटरनेटवर सर्रास मिळणारा ‘स्किया बंद करा’ हा सल्लाही याच कसोटीवर घासावा. स्किया ही पडद्यावर चित्र काढणारी लायब्ररी लिनक्सवर फक्त जेन प्लगइनबरोबर चालते. जीटीके ३ वापरणाऱ्याने ती बंद केली काय आणि चालू ठेवली काय, सारखेच.

दुसरा थर प्रोफाइलचा. तुमच्या सगळ्या सेटिंग होम फोल्डरातल्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात, लिबरऑफिस नावाच्या फोल्डरातल्या ‘४’ या उपफोल्डरात राहतात. (आवृत्ती आज वर्ष-महिन्याच्या हिशेबाने मोजली जात असली तरी हा ४ तसाच राहिला आहे, जुना समजून तो पुसू नये.) पॅकेज काढले तरी डिस्ट्रो तुमच्या होम फोल्डराला हात लावत नाही. प्रोफाइल बिघडले असेल तर दहा वेळा इन्स्टॉल करूनही तेच बिघडलेले प्रोफाइल पुन्हा उघडते. यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून सेफ मोड आहे. हेल्प मेनूतून त्यात गेले की लिबरऑफिस तात्पुरत्या कोऱ्या प्रोफाइलवर उघडते. तिथे दोष दिसला नाही तर प्रोफाइल दोषी, दिसला तर ते निर्दोष. प्रोफाइल दोषी ठरले तरी ते पुसू नये, फोल्डराचे नाव बदलावे. त्यात तुमचा खासगी शब्दकोश, ऑटोकरेक्टच्या नोंदी, ऑटोटेक्स्ट, टेम्प्लेट आणि मॅक्रो असतात. मराठीत काम करणाऱ्याने वर्षानुवर्षे एकेक शब्द घालून वाढवलेला शब्दकोश दुसरीकडे कुठेही मिळत नाही. ‘प्रोफाइल डिलीट करा’ असे एका ओळीत सांगणाऱ्यांनी याची जाणीव ठेवली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, पुन्हा इन्स्टॉल केल्यावर कित्येकांचे काम होते ना? होते, आणि ते का होते हेही पाहावे. पहिल्या वेळी नुसता रायटर बसवलेला असतो. दुसऱ्या वेळी माणूस सगळे लिबरऑफिस एकत्र आणणारे मोठे पॅकेज निवडतो आणि त्याच्यासोबत राहून गेलेले प्लगइन येते. कधी इन्स्टॉल झाल्यावर मशीन बंद करून चालू केले जाते आणि अडकलेली प्रोसेस सुटते. दोन्ही वेळा मधलाच थर दुरुस्त झाला, पण कोणता ते कळले नाही. पुढच्या अपडेटनंतर तेच दुखणे परत आले तर हाती काहीच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्या उठाठेवीपेक्षा फ्लॅटपॅक किंवा स्नॅप घ्यावे, त्यात सगळे एकत्र बांधलेले असते. जून २०२३ मध्ये रेड हॅटनेही आपल्या पुढच्या एंटरप्राइझ आवृत्त्यांत लिबरऑफिसची पॅकेजे देणार नसल्याचे सांगून फ्लॅटपॅककडे बोट दाखवले होते. फेडोरात ती पॅकेजे मग स्वयंसेवकांनी आपल्याकडे घेतली. फ्लॅटपॅकचा फायदा मला मान्य आहे, ताजी आवृत्ती त्यात लवकर मिळते. पण सांधा त्यानेही नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. फ्लॅटपॅकचे प्रोफाइल होम फोल्डरातल्या वेगळ्याच लपवलेल्या फोल्डरात असते, म्हणून डिस्ट्रोच्या पॅकेजमधून तिकडे जाणाऱ्याला आपली टेम्प्लेट हरवल्यासारखी वाटतात. स्नॅपला होम फोल्डरातले लपवलेले फोल्डर वाचता येत नाहीत, आणि पेनड्राइव्हसाठी वेगळी परवानगी द्यावी लागते. यांपैकी दोन प्रकारची पॅकेजे एकाच मशीनवर असतील तर फाइलवर डबल-क्लिक केल्यावर नेमके कोणते उघडते, हेच आधी तपासावे लागते. फ्लॅटपॅक वापरायचे तर जरूर वापरावे. पण दोष कुठे आहे हे न शोधता त्याच्याकडे पळू नये.

मराठी वापरणाऱ्याला हा सगळा विचार अधिक जवळचा आहे, कारण त्याच्या वाट्याला आणखी दोन थर येतात. पहिला टायपिंगचा. लिनक्सवर मराठी दोन निरनिराळ्या वाटांनी येते. इन्स्क्रिप्ट किंवा कागपा हे कीबोर्ड लेआउट डेस्कटॉपच्या सेटिंगमधून निवडले की दाबलेल्या कळीचे अक्षर थेट कार्यक्रमाकडे जाते. रोमन अक्षरांत ‘एन-ए-एम’ करत उच्चाराप्रमाणे टाइप करायचे असेल तर मध्ये आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारखी इनपुट मेथड लागते, आणि तिचा जीटीकेशी, क्यूटीशी आणि वेलँडशी प्रत्येकी वेगळा पूल असतो. ब्राउझरमध्ये मराठी उमटते आणि रायटरमध्ये नाही, या तक्रारीचा उलगडा बहुधा इथेच होतो: दोन कार्यक्रम दोन वेगळ्या पुलांवरून जात आहेत. पारखायला इनपुट मेथड बाजूला ठेवून थेट इन्स्क्रिप्ट लेआउट निवडावा. रायटरमध्ये अक्षर उमटले तर लिबरऑफिस आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत, पूल तुटला आहे. मग प्लगइन कोणते ते पाहून त्या टूलकिटसाठीचे इनपुट मेथडचे पॅकेज बसवावे. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात मात्र एफसीआयटीएक्स सिस्टिम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर निवडावे लागते. हे नाव वाचून तिथे आपले काम असेल असे कोणाच्या मनातही येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरा थर फॉन्टचा, आणि इथे मराठी माणसाने लिबरऑफिसला विनाकारण दिलेले दोष मी फार ऐकले आहेत. लिबरऑफिस लिप्यांचे तीन गट करते: पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. देवनागरी या तिसऱ्या गटात येते. एकाच परिच्छेदात इंग्रजी शब्दांचा फॉन्ट व आकार वेगळा आणि मराठी शब्दांचा वेगळा ठेवला जातो. ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर सीटीएल चालू केलेले नसेल तर स्टाइलमधला मराठीचा आकार बदलायला जागाच दिसत नाही, आणि माणूस म्हणतो की स्टाइल चालत नाही. हे पान सगळ्यात आधी उघडावे, मूळ भाषा मराठी करावी आणि सीटीएलचा मूळ फॉन्ट ऑप्शन्समध्येच रायटरखालच्या ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ या पानावर ठरवावा.

जोडाक्षरे फुटलेली दिसली तर तोच मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये त्याच फॉन्टने पाहावा. ५.३ पासून लिबरऑफिस सर्व ऑपरेटिंग सिस्टिमांवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरते. लिनक्सवरचे जीटीके कार्यक्रमही तीच वापरतात. दोन्हीकडे सारखेच फुटले तर फॉन्ट बदलावा. पाने सरकण्याचे कारण वेगळे असते. विंडोजवर मंगल फॉन्टात केलेले पत्र लिनक्सवर उघडले आणि मंगल तिथे नसला की फॉन्टकॉन्फिग त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट देते, कुठे लोहित, कुठे नोटो. अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलते आणि दोन पानांचे पत्र तीन पानांचे होते. बदल झाल्याची खूण पडद्यावरच असते: मशीनवर नसलेल्या फॉन्टचे नाव लिबरऑफिस फॉन्टच्या चौकटीत तिरपे दाखवते. त्याच्या जागी कोण आले हे टर्मिनलमधली एफसी-मॅच ही आज्ञा सांगते. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि केम्ब्रियासाठी कॅलाडिया हे रुंदी जुळणारे फॉन्ट बहुतेक डिस्ट्रोंमध्ये मिळतात, पण त्यांत देवनागरी नाही; मराठी मजकुराला त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून ज्यांची कागदपत्रे विंडोज आणि लिनक्स यांच्यात ये-जा करतात त्यांनी दोन्हीकडे फुकट मिळणारा एकच मुक्त फॉन्ट, ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा, ठरवून घ्यावा, आणि नुसते वाचायला पाठवायचे असेल तर पीडीएफ पाठवावे.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो मी सगळ्यांत गांभीर्याने घेतो: पत्र लिहायला बसलेल्या माणसाने हे सारे का शिकावे? त्याने शिकू नये, हेच बरोबर. प्लगइन सापडले नाही तर लिबरऑफिसने ते सांगायला हवे, आणि डेस्कटॉप ओळखून योग्य ते पॅकेज बसवणे हे डिस्ट्रोचे काम आहे. पण ते घडेपर्यंत शाळेतल्या, ग्रंथालयातल्या, छोट्या कार्यालयातल्या कोणाला तरी ही मशीन चालती ठेवायची आहे. हे शहाणपण त्या एका माणसाकडे असले तरी पुरते. त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या अपडेटनंतर सुरुवात कुठून करायची हे कळेल.

ज्या दोषाचा थर सापडला पण उपाय सापडला नाही, तो योग्य ठिकाणी कळवावा. सगळ्या प्लगइनांत सारखा दिसणारा दोष द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलावर नोंदवावा. एकाच प्लगइनमध्ये दिसणाराही तिथेच, पण त्या प्लगइनचे नाव मथळ्यात घालून. फक्त डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये दिसणारा आणि फाउंडेशनच्या मूळ पॅकेजमध्ये न दिसणारा दोष डिस्ट्रोकडे द्यावा. ‘अबाउट’च्या खिडकीतली माहिती नक्कल करायला तिथेच बटण आहे. ती माहिती, डेस्कटॉप व त्याची आवृत्ती, सत्र वेलँड की एक्स ११, सेफ मोडमध्ये काय दिसले, आणि देवनागरीशी संबंध असेल तर मजकुराची छोटी नमुना फाइल फॉन्टच्या नावासह, एवढे सोबत द्यावे. सीटीएलचे दोष तपासणाऱ्या स्वयंसेवकांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा बरोबर कसे दिसायला हवे याचे चित्रही सोबत जोडावे.