हरळीचे मैदान

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुणतांबा हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे सर्वश्रुत आहे. येथील काळ्या जमिनीत शेतकऱ्याचे एका गवताशी जुने वैर आहे. ते गवत म्हणजे हरळी. नांगरट झाली की बायामाणसे ढेकळांतून तिच्या काश्या वेचून बांधावर टाकतात. चार सरी पडल्या की बांधावरची काशी पुन्हा मूळ धरते. हीच हरळी दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकी चढते, ही गोष्ट वेगळी! परंतु जगात असाही एक व्यवसाय आहे की, ज्यात हरळी मुद्दाम लावून निगुतीने वाढवावी लागते. तो व्यवसाय म्हणजे गोल्फच्या मैदानाची रचना.

गोल्फमध्ये लहानसा कठीण चेंडू काठीने टोलवीत दूरच्या खळग्यात घालावयाचा असतो. खळग्याचा व्यास अवघा 108 मिलिमीटर. पूर्ण मैदानात असे 18 खळगे असतात. त्यासाठी साधारणतः शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. ती सपाट नसते. चढउतार, वाळूचे खड्डे, तळी व झाडी यांमुळे प्रत्येक मैदान निराळे असते.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील प्राचीन मैदान कोणा एकाने आखलेले नाही. समुद्रकाठची वाळू, वारा आणि चरणारी मेंढरे यांनीच ते घडविले. पुढे मैदाने आखणारे कुशल लोक निपजले. त्यांपैकी ॲलिस्टर मॅकेंझी हे मूळचे डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात बोअर सैनिक जमिनीच्या उंचवट्यांआड कसे दिसेनासे होतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. मनुष्याने रचलेला उंचवटा निसर्गाचाच वाटला पाहिजे, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. अमेरिकेतील ऑगस्टा येथे त्यांनी बॉबी जोन्स यांच्यासह आखलेले मैदान 1933 साली खुले झाले.

भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. 1829 साली कलकत्त्यास गोल्फचा क्लब निघाला. पुणतांब्यावरून वाहणारी गोदावरी ज्या नाशिकहून येते, तेथेही हा खेळ चाले. आज त्या जागी क्रिकेट खेळतात. मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. तरी लोकांच्या तोंडी 'गोल्फ क्लब मैदान' हेच नाव राहिले आहे.

रचनाकाराचे पहिले काम पाण्याची वाट ओळखण्याचे. पुणतांब्यासारखी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीत पाणी साचले तर गवताची मुळे कुजतात. म्हणून खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीखाली खडीचा थर देऊन त्यावर सुमारे 30 सेंटिमीटर वाळूचा थर पसरतात. यासाठी सर्वेक्षण, मृदाशास्त्र व भूदृश्यरचना या विद्या यावयास हव्यात. मृदाशास्त्र तर याच जिल्ह्यात, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकता येते.

खरा पेच निराळाच आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. 40 हेक्टर हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर वीस लाख लिटर होतात! जेथे उभ्या पिकासाठी पाटाच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते, तेथे खेळाच्या गवताला एवढे पाणी का द्यावे, असे कोणी विचारले तर त्याचे काय चुकले? जाणता रचनाकार हा प्रश्न टाळीत नाही. खेळाला आवश्यक तेवढीच हिरवळ तो ठेवतो. उरलेल्या जागेत बाभूळ, कडुलिंब अशी देशी झाडे वाढू देतो. हिरवळ निम्मी झाली की पाणीही निम्मे होते. तेही नदीचे न घेता शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी घेता येते. पावसाचे पाणी तळ्यांत अडविता येते. यांतील काहीच शक्य नसेल, तर त्या जागी मैदान करू नये, असे सांगणे हेही त्याचे कामच आहे.

अशा वेळी हरळी उपयोगी पडते. पाणी तुटले तर ती पिवळी पडते, पण मरत नाही. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी आफ्रिकेतील एका जातीशी तिचा संकर करून मैदानांसाठी बारीक पात्याचे वाण काढले. उष्ण देशांतील पुष्कळ मैदानांवर आज तेच पसरले आहेत. पुणतांब्याच्या शिवारात मात्र हरळीच्या काश्या वेचण्याचे काम अजून संपलेले नाही.