उपचारांनंतरची खबरदारी

आमच्या थोरल्या बंधूंच्या गालाच्या आतील कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, मानेतील गाठी काढल्या गेल्या, किरणोपचारही यथासांग पार पडले, आणि प्रकरण दप्तरी दाखल झाले असे वेल्ह्याच्या घरी सर्वांनी मानले. तंबाखू व मिश्रीची वहिवाट तोरण्याच्या पायथ्यापासून भोरच्या बाजारपेठेपर्यंत जुनी असल्याने हा रोग आमच्या मुलखाला अपरिचित नाही; परंतु तोंड बरे झाल्यावर तोच रोग अन्यत्र, क्वचित कातडीवरही, प्रकट होतो, ही वार्ता फार थोड्यांच्या कानी असते.

भातलावणीच्या दिवसांत बंधूंच्या छातीवर सुपारीएवढी, टणक, तांबूस आणि न दुखणारी गाठ आली. केसतूड समजून तिच्यावर पोटीस बांधले गेले, पुढे गावाकडच्या एका वैद्यांनी ती फोडली. पू आला नाही, रक्त मात्र झिरपत राहिले, आणि अर्धा पावसाळा जखम भरण्याची वाट पाहण्यात गेला. पुण्यास सुईने नमुना काढला, तेव्हा त्यात तोंडातील रोगाच्याच पेशी आढळल्या.

हा रोग बहुधा प्रथम मानेतील गाठींत आणि नंतर फुफ्फुस, हाडे वा यकृतात पसरतो. कातडीवर तो विरळा, आणि म्हणूनच फसवा. तेथे तो दिसला तर आतही असण्याचा संभव मोठा, यास्तव सर्वांगाचा स्कॅन झाल्यावाचून इलाज ठरवू नये. ठिकाण एखादेच असेल, तर निवडक रोग्यांत ते काढून टाकणे किंवा तेवढ्यावरच नेमके किरण देणे शक्य असते. ठिकाणे अनेक असतील, तर भिस्त औषधांवर. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील वैद्यांनी 2020 साली दाखवून दिले, की मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब यांच्या स्वस्त गोळ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा उण्या ठरत नाहीत. 2022 साली त्यांनी गोळ्यांच्या अशाच उपचाराला निव्होलुमॅबची, प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 16 वरून 43 वर गेले. बंधूंनाही गोळ्याच मिळाल्या; रोग समूळ गेला नाही, पण जखम सुकली आणि ते पुन्हा बांधावर जाऊन बसू लागले.

तेव्हा माझी विनंती अशी, की उपचार झालेल्या माणसाच्या अंगावर कोठेही नवी गाठ, न भरणारी जखम वा हटत नसलेली पाठदुखी पंधरवडा टिकली, तर नसरापूर असो की कापूरहोळ, पुण्याची गाडी धरावी आणि मूळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावे. पायांतील बळ गेले वा लघवी अडली, तर त्याच दिवशी. नमुन्याचा अहवाल आणि पूर्वी दिलेल्या किरणांचा तक्ता बरोबर असावा, कारण पुन्हा किती किरण देता येतील हे त्यावर ठरते. दाखल होण्यापूर्वी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्रास शिधापत्रिका दाखवून चौकशी करावी. वेदनाशमनाचा इलाज पहिल्या भेटीतच मागावा, मॉर्फिनच्या नावाने बिचकू नये. आणि नमुना तपासल्याखेरीज कोणासही गाठ फोडू देऊ नये.