ग्रहण : राहूचे नव्हे, सावलीचे

उपासक-उपासिकांनो, २१ मे २०३१ रोजी, वैशाख अमावस्येला, कंकणाकृती सूर्यग्रहण होणार आहे. केरळ व तामिळनाडूच्या दक्षिण भागातून दुपारी सूर्याचे कंकण दिसेल. महाराष्ट्रात ग्रहण खंडग्रास दिसेल.

हे कसे घडते? सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आहे आणि सुमारे तितकेच पट दूरही आहे. म्हणून दोघांची बिंबे जवळजवळ सारखी दिसतात. चंद्राचे अंतर मात्र सुमारे ३,५६,००० ते ४,०६,००० किलोमीटर असे कमीजास्त होते. दूर असलेला चंद्र सूर्याच्या आड आला की त्याचे लहान बिंब सूर्याला पुरते झाकू शकत नाही. कडेला वलय उरते. तेच कंकण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर अमावस्येला ग्रहण होत नाही.

ग्रहण सावलीमुळे होते, हे आर्यभटाने सुमारे १५०० वर्षांपूर्वीच सांगितले. तरीही राहू-केतूचे भय टिकले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्या महार-मांगांनाच ग्रहणाचे दान मागत दारोदार फिरावे लागले. ती लाचारी आपण सोडली. आता तिच्यामागचे भयही सोडा.

गर्भवती भगिनीला कोंडू नका, तिला उपाशी ठेवू नका. शिजवलेले अन्न फेकू नका. जपायचे ते डोळ्यांना. सूर्याकडे थेट पाहू नका. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्मही वापरू नका. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि कागदावर पडलेली सूर्याची प्रतिमा मुलांना दाखवा. कारण कळले की भय उरत नाही.