वाळूला वेसण

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, अटलांटिक महासागराच्या काठी, सुलाक नावाचे गाव आहे. तेथील पुरातन चर्चला दूरदूरचे यात्रेकरू येत. परंतु किनाऱ्यावरील वाळू पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पुढे सरकू लागली. प्रथम ती अंगणात आली, मग दारात, मग खिडक्यांपर्यंत. अठराव्या शतकाच्या मध्यास ती दगडी वास्तू वाळूखाली गाडली गेली आणि गावकऱ्यांना दुसरीकडे बिऱ्हाडे हलवावी लागली.

गॅस्कनीच्या त्या साऱ्या किनाऱ्यावर हेच संकट होते. समुद्र वाळू आणून टाकतो, ती उन्हाने सुकते आणि वारा तिला उचलतो. वाटेत गवताचा झुबका आडवा आला की वारा मंदावतो व वाळू खाली पडते. अशाने वाळूच्या टेकड्या, म्हणजेच वालुकागिरी, तयार होतात. गवत असेल तोवर टेकडी ठाण मांडून बसते. गवत गेले की ती चालू लागते.

१७८७ मध्ये ब्रेमाँतिए नावाच्या अभियंत्याने आर्काशाँच्या उपसागराजवळ चालत्या वाळूत पाइन वृक्षांचे बी पेरले आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर फांद्या अंथरल्या. त्याच्या आधीही काहींनी असे यत्न केले होते. पण नाव झाले ते त्याचे. १८०१ मध्ये सरकारने हे काम हाती घेतले. पुढे त्याची एक रीत ठरली. समुद्राच्या बाजूस लाकडी फळ्यांचे कुंपण रोवायचे आणि दोन फळ्यांमध्ये बारीक फट ठेवायची. वाळू कुंपणापाशी साचे. फळ्या बुडत आल्या की त्या उपटून पुन्हा वर रोवीत. ज्या वाऱ्याने गाव पुरले, त्याच वाऱ्याला असे गवंडीकामाला लावले! बांध पुरेसा उंच झाला की त्यावर मरॅम नावाचे गवत लावीत. हे गवत मोठे चिवट. वाळूने झाकले तरी ते गुदमरत नाही, उलट वर वाढते आणि मुळांच्या जाळ्याने वाळू धरून ठेवते. या बांधाच्या आडोशाला पाइनचे विस्तीर्ण वन उभे राहिले. १८५९ च्या सुमारास सुलाकचे चर्चही उकरून काढण्यात आले.

हा बांध वाळूला अडवितो, तसा समुद्रालाही. वादळी लाटा टेकडीचा पायथा खरवडतात. ती वाळू उथळ पाण्यात पसरते आणि मागून येणाऱ्या लाटांचा जोर मोडते. समुद्र शांत झाला की त्यातील बरीच वाळू किनाऱ्यावर परत येते. मात्र जेथे समुद्र नेतो अधिक आणि आणतो थोडे, तेथे गवताचे काही चालत नाही. त्याच सुलाक गावात १९६७ मध्ये एक मोठी इमारत बांधली गेली. तेव्हा समुद्र तिच्यापासून सुमारे २०० मीटर दूर होता. २०१३-१४ च्या हिवाळ्यातील वादळांनी किनारा इतका खचला की २०१४ मध्ये रहिवाशांना घरे सोडावी लागली. २०२३ मध्ये इमारत पाडण्यात आली.

आता तेथील वनखाते टेकड्यांना पूर्वीसारखे जखडून ठेवीत नाही. थोडी वाळू हलू देते. जेथे वाऱ्याने खिंडार पाडले असेल तेथे फांद्या अंथरून पुन्हा मरॅम लावतात. निळ्या ठिपक्यांचा मोठा सरडा या टेकड्यांत राहतो. पायथ्याच्या उघड्या वाळूत केंटिश चिखल्या हा इवलासा पक्षी अंडी घालतो. ती वाळूच्याच रंगाची असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात कोकणच्या पुळणीवरही तुरुतुरु धावताना आढळतात.