संगणकाची झोप : एक अभ्यासपाठ

आमच्या संगणक कक्षात घडलेल्या एका प्रसंगातून हा पाठ सिद्ध झाला. आठवीतील एका विद्यार्थिनीने आजीकडून ऐकलेली वादळाची हकीकत टंकलिखित करण्यास घेतली होती. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, दिवेआगर परिसरातील नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांची ती आठवण होती. सायंकाळच्या वंदनेची घंटा होताच तिने मजकूर जतन न करता संगणक झोपवला. रात्री वीज गेली. सकाळी यंत्र नव्याने सुरू झाले आणि नोटपॅडचे पान कोरे निघाले. दोष तिचा नव्हता. संगणक झोपतो म्हणजे नेमके काय होते, हे आम्हीच तिला शिकवले नव्हते.

१९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी मिळून ‘एसीपीआय’ हे वीज-व्यवस्थापनाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात संगणकाच्या झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. त्यांपैकी दोन आपल्या नित्य उपयोगाच्या आहेत. ‘एस-३’ म्हणजे नेहमीची स्लीप. विंडोज एक्सपीमध्ये हिलाच स्टँडबाय म्हणत. या अवस्थेत प्रोसेसर, डिस्क व पंखे थांबतात. केवळ रॅमला अल्प वीज मिळत राहते. रॅमची स्मृती विजेवर तगते, म्हणून वीज गेली की न जतन केलेले कामही जाते. ‘एस-४’ म्हणजे हायबरनेट. यात रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते. वीज गेली तरी काम सुरक्षित राहते. दोहोंचा मेळ म्हणजे हायब्रिड स्लीप : मजकूर रॅममध्येही राहतो व डिस्कवरही. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आली.

आता प्रत्यक्ष तक्रारींकडे वळू.

पहिली तक्रार : संगणक झोपतच नाही. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडावा व ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन ‘रिक्वेस्ट्स’ लिहावे. कोणता कार्यक्रम यंत्राला जागे ठेवतो, ते तेथे दिसते. बहुधा एखादी चालू राहिलेली चित्रफीत वा ध्वनिफीत आढळते.

दुसरी तक्रार : रात्री आपोआप जागा होतो. त्याच आज्ञेपुढे ‘लास्टवेक’ लिहिल्यास शेवटचे कोणी जागवले ते कळते. माउस किंवा नेटवर्क कार्ड निघाल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या गुणधर्मांत जाऊन जागे करण्याची परवानगी काढून घ्यावी. ठरावीक वेळी होणारी अद्यतने कारण असतील, तर पॉवर ऑप्शन्समधील वेक टायमर बंद करावेत.

तिसरी तक्रार : जागाच होत नाही. घाईने बटण दाबून धरू नये. चार-पाच सेकंद धरल्यास यंत्र सक्तीने बंद होते व काम बुडते. बटण एकदाच हलके दाबून थोडे थांबावे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, असे असल्यास मॉनिटरची केबल तपासावी, मग ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्टीवर मळ धरतो, हेही कारण असू शकते. ती साफ करण्यापूर्वी वीजजोडणीची वायर भिंतीपासून काढलीच पाहिजे. यंत्र बंद दिसत असले तरी पॉवर सप्लाय मदरबोर्डला पाच व्होल्टचा प्रवाह देतच असतो.

चौथी तक्रार : उठल्यावर सारे नव्याने सुरू होते. याचा अर्थ बहुधा मध्ये वीज गेली. घड्याळही मागे पडले असेल, तर मदरबोर्डवरील तीन व्होल्टची सीआर-२०३२ बटण-बॅटरी संपली असावी. ती संपली की वीज जाताच बायोसमधील झोपेची मांडणीही पुसली जाऊ शकते. बॅटरी स्वस्त असते, बदलून टाकावी.

आपल्या यंत्रात कोणत्या झोपा उपलब्ध आहेत, हे ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरकी रेघ व ‘ए’ लिहिल्यास समजते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. म्हणून घरी वा पर्यटक-निवासाच्या गल्ल्यावर डेस्कटॉप वापरणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी रात्रीसाठी हायबरनेटच निवडावे. यूपीएस काही मिनिटांचा आधार देतो, रात्रभराचा नव्हे. आणि कोणतीही झोप असो, आधी मजकूर जतन करावा.

आता आमच्या कक्षात सर्व यंत्रे सायंकाळी हायबरनेट होतात. त्या विद्यार्थिनीने आजीकडे जाऊन हकीकत पुन्हा ऐकली. आजीने या वेळी काही गोष्टी गाळल्या, काही नव्याने सांगितल्या. पहिल्या वेळचे शब्द काही परत मिळाले नाहीत. मुलीने मात्र पहिले वाक्य लिहून होताच फाइलला नाव दिले, आणि मगच दुसरे वाक्य लिहिले.